लेबल नसलेलं रोप घरी आणलंय? आधी ओळख पटवा, मग पाणी घाला

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून मी १२० रुपयांना एक झुडूप उचललं. काळी पिशवी, गुडघ्याएवढी उंची, पानं राख फासल्यासारखी. फूल एकही नाही, लेबल नाही. नाव विचारलं तर नर्सरीवाले मामा म्हणाले, "सिल्व्हर आहे ताई. न्या बिनधास्त, याला काही होत नाही."

मे उजाडेपर्यंत निम्मी पानं गळाली होती. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी, महिन्याला ओंजळभर शेणखत, बुडाशी पाचटाचं आच्छादन, असे जास्वंदीचे सगळे लाड मी त्याचे केले होते. आमच्या सोलापुरी काळ्या मातीत ते ओलं पाचट म्हणजे त्याच्या पायाला बांधलेलं ओलं फडकंच. जून लागला, आभाळ भरून आलं, हवा चिकट झाली आणि उरल्यासुरल्या फांद्यांवर अचानक जांभळी फुलं आली. तेव्हा कुठे त्याचं नाव शोधायला सुरुवात केली. ते काम आधी करायला हवं होतं.

तुमच्याकडेही असं बिननावाचं, "पाणी कमी लागतं" एवढ्याच शिफारशीवर आणलेलं फुलझाड असेल, तर मी ज्या क्रमाने चुकले त्याच्या उलट क्रमाने पुढचं लिहिलंय. उदाहरण माझ्या राखट झुडपाचं आहे, पण ओळख पटवायच्या पायऱ्या कुठल्याही झुडपाला चालतील.

काय काय जवळ ठेवाल

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफ वापरतात तसलं)
- रबरी हातमोजे, सिकेटर
- मोबाइल, आणि फोटोत मापासाठी ठेवायला सहा इंची पट्टी
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन जाड पुस्तकं
- वीतभर लांबीची कोरडी लाकडी काडी (ही सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येईल)
- वही. तारखेसकट लिहायची.
- लावायची वेळ आली की मुरूम, जाड वाळू, थोडी पोयट्याची माती

१. पहिले तीन आठवडे हात आवरा

कुंडी बदलू नका, छाटू नका, खत घालू नका. नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली होतं का, हे आठवून बघा. असेल तर थेट गच्चीवर नेऊन ठेवू नका. पहिले काही दिवस सकाळचंच ऊन द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण उन्हात आणा. पाणी फक्त वरची दोन बोटं माती सुकल्यावर.

आणि ओळख पटेपर्यंत ते विषारी आहे असंच धरून चाला. हे घाबरवायला सांगत नाही. आपल्याकडे कमी पाण्यावर फुलणारी जी झुडपं सर्रास विकली जातात, त्यांतली कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही दोन्ही अंगोपांगी विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर जिवावर बेतू शकतात. लहान मुलं, शेळी, कुत्रं, सगळ्यांपासून रोप लांब ठेवा. छाटलेल्या काटक्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका.

२. एक पान तोडा आणि चीक बघा

हातमोजे घाला, देठापाशी पान तोडा आणि जखमेकडे पाच सेकंद बघा. या एका कृतीने निम्मी यादी गळून पडते.

पांढरा दुधासारखा चीक आला तर बिट्टी, रुई, चाफा या गोतावळ्यात शोधा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका, आणि चुकून गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन सरळ डॉक्टरांकडे जा. खोड बुडाशी रताळ्यासारखं फुगलेलं असेल तर बहुतेक अडेनियम. त्याचाही रस विषारी.

माझ्या झुडपाला चीक नव्हता. तोडलेली जागा कोरडी, फिकट हिरवी.

३. पानं फांदीवर कशी बसली आहेत ते मोजा

नवखी माणसं फुलाच्या रंगावरून झाड ओळखायला जातात. मीही तेच करायचे. पण रंग फसवा असतो. एकाच कण्हेरीत पांढरा, गुलाबी, लाल, सगळं सापडतं. पानांची मांडणी मात्र सहसा बदलत नाही. फांदी आडवी धरा आणि एका पेरावर किती पानं निघालीत ते बघा.

*एका पेरावर तीन पानं, लांब, चिवट, मधली शीर ठसठशीत:* कण्हेर. बिट्टीची पानं तशीच अरुंद, पण एकेक, फांदीभोवती फिरत गेलेली.

*समोरासमोर दोन पानं:* इथे गर्दी आहे. पानं खरखरीत, फांदी चौकोनी, चुरडल्यावर उग्र वास, तर घाणेरी, म्हणजेच टणटणी. पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे आणि पिवळी फुलं असतील तर काटेकोरांटी. हाताच्या बोटांसारखी तीन-पाच पर्णिका (एकाच पानाचे सुटे छोटे भाग), खालून पांढुरकी, औषधी वास, तर निर्गुडी. पिसासारखं संयुक्त पान, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या, पिवळ्या घंटा, तर नर्सरीतला नेहमीचा टेकोमा.

*एकेक पान, पण संयुक्त:* पर्णिका अगदी बारीक, फांदीला काटे, फुलातून लांब पुंकेसर बाहेर डोकावणारे, तर शंखासुर. पर्णिका जोडीजोडीने, प्रत्येक जोडीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी ग्रंथी आणि देठाशी कानाच्या पाळीसारखं उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं इवलं पानासारखं अंग), तर तरवड. याचं शास्त्रीय नावसुद्धा त्या कानावरूनच पडलंय. सोलापुरात तेलुगू भाषक घरांतून नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, रचतात, त्यातली पिवळीधमक फुलं याचीच. माळावर फुकट उगवणारं इतकं देखणं झुडूप आपल्या नर्सऱ्या विकत नाहीत, याचं मला कायम वाईट वाटतं.

*एकेक पान, साधं, फांदीला काटे:* बोगनवेल. तिचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे. खरी फुलं मध्ये असतात, बारीक पांढरट.

*एकेक पान, साधं, काटे नाहीत, चीक नाही, आणि पान राखट:* हे माझं.

४. पान हातात घ्या

माझ्या झुडपाचं पान सुमारे इंचभर, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळतं, चमच्याच्या वाटीसारखं. स्पर्श मऊ लोकरीचा. अंगठ्याने जोर देऊन घासलं तर रुपेरी थर निघतो आणि खालून साधं हिरवं पान डोकावतं. भिंगाखाली तो थर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या, फाटे फुटलेल्या केसांचं, दाबलेल्या लोकरीसारखं जाळं दिसतं.

इथे थोडं थांबते, कारण झाडाची सगळी काळजी या केसांत लिहिलेली आहे. पांढरे केस ऊन परतवतात आणि पानाला चिकटून हवेचा एक स्थिर थर धरून ठेवतात, त्यामुळे पानातून बाष्प कमी जातं. असं पान घडवणारं झाड कोरड्या, रखरखीत जागेत वाढलेलं असतं. नाव माहीत नसतानाही एवढं मला कळायला हवं होतं, की या झाडाला रोज तांब्याभर पाणी नको. जाड मेणचट पान, रसाळ खोड, बारीक पर्णिका, राखट लव, यांतलं काहीही दिसलं तर झारी जरा लांब ठेवा.

५. फुलाची वाट बघा, आणि आलं की उघडून बघा

ताजं फूल सकाळी तोडा. ब्लेडने उभं चिरा. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर किती, आत केस आहेत का, फूल एकेकटं की घोसात, हे वहीत उतरवा. माझ्या फुलाची नोंद अशी आहे: "९ जून. पानाच्या बेचक्यात एकेक. घंटेसारखं, इंचभर. पाच पाळ्या, जोडलेल्या. गळ्यात पांढरी लव, ठिपके. पुंकेसर ४, दोन लांब दोन आखूड. गळताना अख्खी घंटा गळते."

या नोंदीचा पुढे फार उपयोग झाला. फूल दोन-चार दिवसांत गेलं. फोटोत पुंकेसर धूसर होते. वही होती म्हणून बरं.

६. मोबाइलला विचारा, पण त्याचं सगळं ऐकू नका

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही तिन्ही फोटोवरून झाडाचं नाव सुचवणारी चांगली साधनं आहेत. नुसत्या पानाच्या फोटोवर मात्र मला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि त्यांतलं एक लॅव्हेंडर होतं. पाच फोटो काढा: अख्खं झुडूप, फांदीवरची पानांची मांडणी, पान वरून आणि खालून (शेजारी पट्टी ठेवून), फूल समोरून, फूल बाजूने. आयनॅचरलिस्टवर टाकताना रोप लावलेलं आहे, जंगली नाही, हे नोंदवायला विसरू नका.

फुलाचे फोटो टाकल्यावर उत्तर एकच येऊ लागलं: ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स. ग्रीकमध्ये ल्युकोस म्हणजे पांढरं, फायलॉन म्हणजे पान. मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं. स्पॅनिशमध्ये याला सेनिझो म्हणतात, त्या भाषेत राखेला सेनिझा हा शब्द आहे. म्हणजे माझ्या मनात पहिल्या दिवशी जे आलं, तेच तिकडच्या लोकांच्याही मनात आलं होतं. ऑस्टिनला राहणाऱ्या भाचीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "मावशी, हे आमच्या ऑफिसच्या पार्किंगच्या कडेने सगळीकडे आहे!" २००५ मध्ये टेक्सासने याला राज्याचं देशी झुडूप म्हणून मान दिला. हवेतला दमटपणा वाढला, पाऊस झाला की ते फुलतं, म्हणून तिकडे त्याला बॅरोमीटर बुश असंही नाव आहे. जूनमधल्या माझ्या फुलांचं कोडं तिथे सुटलं.

एक सापळा: नर्सरीत याला टेक्सास सेज किंवा पर्पल सेज म्हणूनही विकतात. हे सेज नव्हे. स्वयंपाकातलं सेज तुळशीच्या कुळातलं, त्याची फांदी चौकोनी आणि पानं समोरासमोर. नावावर जाऊन चहात पान टाकू नका.

दुसरा सापळा: याच्या काही बागायती जातींची पानं बरीच हिरवी असतात. सावलीत ठेवलेलं रोपही हिरवट आणि लांबुळकं होतं. म्हणून "राखट नाही म्हणजे हे ते नाही" असं एका खुणेवर ठरवू नका.

७. तरी शंका राहिली तर

फूल आणि पानं असलेली वीतभर फांदी वर्तमानपत्रात पसरून ठेवा, वर जाड पुस्तकं. पहिले काही दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. आठवडा-दीड आठवड्यात नमुना वाळतो. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असा नमुना आणि वहीतली नोंद घेऊन गेलात तर प्राध्यापक मंडळी बहुधा आनंदाने बघतात. नुसती कोमेजलेली फांदी पिशवीतून नेलीत तर तेही काय करणार? बिचकू नका. नमुने दाबून, वाळवून ठेवायची हीच पद्धत पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रातही असते.

८. जागा आणि माती

आता काळजी. इथून पुढचं ल्युकोफायलमचं आहे. तुमचं झाड वेगळं निघालं तर पाण्याचा अंदाज त्याच्या पानांवरून बांधा.

ऊन किमान सहा तास, शक्य तर दिवसभर. माती पाणी न धरणारी. मूळ प्रदेशात हे चुनखडीच्या खडकाळ जमिनीत वाढतं, त्यामुळे ज्या चुनखडीने आपल्याकडे लिंबाची पानं पिवळी पडतात तिचं याला काही वाटत नाही. त्रास होतो तो काळ्या चिकण मातीत पाणी तुंबल्याने.

काळ्या रानात खड्डा करून त्यात मुरूम भरायची चूक करू नका. भोवतीच्या चिकण मातीतलं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि आपण आपल्या हाताने हौद बांधतो. माझं पहिलं रोप अशाच खड्ड्यात होतं. त्याऐवजी जमिनीच्या वर फूटभर उंचीचा ढीग करा, मुरूम जास्त आणि माती कमी, आणि रोप त्यावर लावा. कुंडीत दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग पोयटा, मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत. तळाची भोकं मोकळी हवीत, कुंडी थाळीत ठेवू नका.

पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. खोडाशी पाचट, पालापाचोळा चिकटवू नका. हवंच असेल तर खडी पसरा.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी: जांभ्याची माती पाणी धरत नाही हे खरं, पण चार महिन्यांची संततधार या झाडाला सोसत नाही. कुंडीत लावा आणि पावसाळ्यात पागोळ्यांच्या आत, पण उजेडात सरकवा.

९. पाणी: काडीला विचारा

लाकडी काडी मातीत चार-पाच इंच खुपसा, मिनिटभराने बाहेर काढा. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी, स्वच्छ आली तर द्या, आणि मग तळातून निथळेपर्यंत भरपूर द्या. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा क्वचित पण पोटभर दिलेलं पाणी मुळांना खाली ओढतं.

जमिनीतल्या नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात मी आठ-दहा दिवसांनी पाणी देते. दुसऱ्या वर्षापासून मे महिन्यातही पंधरवड्याला एकदा पुरतं. पावसाळ्यात अजिबात नाही. कुंडी लवकर सुकते, तिथे दिवस मोजू नका, काडीच बघा.

आता सगळ्यात घातक सापळा. पाणी जास्त झालेलं झाडही माना टाकतं. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, पानं मलूल होतात, आणि आपण तहानलं असेल म्हणून आणखी पाणी ओततो. मी हेच करत होते. फरक असा ओळखा: पानं मलूल आणि माती कोरडी, तर तहान. पानं मलूल किंवा पिवळी, गळती खालच्या फांद्यांपासून, आणि माती ओली, तर मुळकूज. अशा वेळी पाणी थांबवा, रोप उपसून बघा, काळी मऊ मुळं कापून टाका आणि कोरडसर मुरमाड मिश्रणात पुन्हा लावा. खोडच बुडाशी काळं पडलं असेल तर वाचणं अवघड. वरच्या निरोगी फांद्यांची कलमं करून घ्या.

१०. खत आणि छाटणी

खत जवळजवळ नको. युरिया तर नकोच. फांद्या लांब, लेच्यापेच्या होतात आणि फुलं कमी येतात.

छाटणी थंडी ओसरताना, फेब्रुवारीत, वर्षातून एकदा. एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. माळीदादांना हे झुडूप कात्रीने चौकोनी ठोकळा करायची फार हौस. दर महिन्याला ठोकळा केला की कळ्या धरणारे शेंडेच कापले जातात आणि मग "फुलत नाही" म्हणून तेच झाड उपटलं जातं. लांबलेली फांदी आतून, फाट्यापाशी काढा. झुडूप मोकळं सोडलं तर पाच-सात फूट होतं, ते धरूनच जागा निवडा.

कीड मला फारशी दिसली नाही. एकदा पिठ्या ढेकूण आला होता, तो पाण्याच्या फवाऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने गेला.

११. नवीन रोपं

जून-जुलैत, फार कोवळी नाही आणि फार निबर नाही अशी चार इंची फांदी घ्या. खालची पानं काढा, बुडाला रूटिंग पावडर लावा, वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचा, सावलीत ठेवा. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाबाला ते चालतं, या लोकरी पानांना बुरशी लागते. मुळं फुटायला महिना-दीड महिना जातो. माझ्या दहांपैकी तीन जगली. अनुभवी माळ्यांकडून याहून बरी होत असतील.

१२. लेबल लिहा

मार्करने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलेलं आमच्या उन्हात दोन उन्हाळेही टिकत नाही. शीतपेयाचा रिकामा डबा कापून पट्टी करा, कडा दुमडा, खाली मऊ कापड ठेवा आणि बॉलपेनने दाबून लिहा. शाई उडाली तरी ठसा राहतो. भोक पाडून तारेने फांदीला सैल अडकवा, आवळून नको.

शंभर टक्के खात्री नसेल तर नावापुढे "बहुधा" लिहायला लाजू नका. माझ्या पट्टीवर आता असं आहे: "ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स. फेब्रुवारीत नर्सरीतून, सिल्व्हर म्हणून. पाणी: काडी बघून." जगलेल्या तीन कलमांतलं एक शेजारच्या काकूंना दिलं, तेही अशीच पट्टी अडकवून. दुसऱ्याच दिवशी त्या झारी घेऊन अंगणात उभ्या दिसल्या, तेव्हा कुंपणावरून त्यांना काडीही नेऊन दिली.